थर्मामीटर दर वेळी वेगळाच ताप दाखवतो: कुठे चुकतं ते शोधायचा क्रम

यातली एखादी गोष्ट घरात होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

बटण दाबलं, अजून काखेत घातलाही नाही, आणि पडद्यावर १०४, १०६, १०७. एकाच माणसाला पाच मिनिटांत तीनदा लावला तर ९६.८, ९९.१, ९८.०. अंग हाताला चटका देतंय आणि आकडा मात्र ९७. कणकण वाटते, सांधे दुखतात, पण थर्मामीटर म्हणतो काही नाही. आकडा ३८ च्या पुढे जातच नाही. पडद्यावर नुसतं 'एल', 'एच' किंवा 'एरर' येतं. ग्रामपंचायतीतला बंदुकीसारखा थर्मामीटर सगळ्या गावाला ९४ दाखवतो.

यातल्या बहुतेक वेळा थर्मामीटर बिघडलेला नसतो. म्हणून नवा आणण्याआधी खालच्या क्रमाने जा. आधी फुकटच्या तपासण्या आहेत, खर्चाच्या आणि खटपटीच्या नंतर.

त्याहीआधी दहा सेकंद आजाऱ्याकडे पाहा. हाक मारली तर ओळखतो का, पाणी गिळतो का, धाप लागली आहे का, बाळ असेल तर अंगावर पितं का. यात काही बिघडलं असेल तर आकड्याची वाट पाहू नका, थेट शेवटचा भाग वाचा आणि गाडी बोलवा.

१. आकडा कोणत्या मापातला?

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक 'सी' (सेल्सिअस) किंवा 'एफ' (फॅरेनहाइट) असतो. 'सी' असेल तर ३८.६ म्हणजे जवळपास साडेएकशे एक ताप. घरच्यांना शंभराच्या आसपासचे आकडे ऐकायची सवय असते, त्यामुळे अडतीस ऐकून सगळे निश्चिंत होतात आणि पोर रात्रभर तापात राहतं. एवढं पाठ ठेवा: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. बऱ्याच मॉडेलमध्ये थर्मामीटर बंद असताना बटण काही सेकंद दाबून धरलं की माप बदलतं. पिशवीत दाबलं जाऊन ते आपोआप बदललेलं सापडतं.

चालू करताच क्षणभर दिसणारा आकडा बऱ्याचदा मागच्या वेळचा असतो. यंत्र तो लक्षात ठेवतं. तो आजचा ताप नव्हे.

२. लावण्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं?

तोंडात लावणार असाल तर चहा, गार पाणी, बर्फाचा गोळा यांनंतर वीस-तीस मिनिटं थांबा. गालात खर्रा (तंबाखू-सुपारी) असेल तर तो थुंकून, चूळ भरून तेवढाच वेळ जाऊ द्या. जिभेखालच्या जागेत रक्त भरपूर खेळतं म्हणून तिथला आकडा चांगला येतो, पण तोंडात गेलेली गार-गरम वस्तू तीच जागा आधी बिघडवते. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाचा तोंडातला आकडा कमीच येणार, त्याला काखेत लावा. पाच वर्षांखालच्या मुलालाही काखेतच.

उन्हातून, शेतातून, तेंदूपत्त्यावरून आलेल्या माणसाला लगेच मोजायचं नाही. सावलीत अर्धा तास बसवा, पाणी द्या, मग मोजा. स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होते, निरोगी माणसाचाही आकडा त्यामुळे वर जातो. हा नियम फक्त शुद्धीत असलेल्या, नीट बोलणाऱ्या माणसासाठी. बरळत असेल तर अर्धा मिनिटही थांबायचं नाही.

पॅरासिटामॉल कधी घेतली तेही विचारा. गोळीचा परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होऊन चार ते सहा तास टिकतो. गोळीनंतर दोन तासांनी आलेला ९८.४ हा गोळीचा आकडा आहे, आजार अजून आहे तिथेच असू शकतो. गोळी देण्याआधी मोजा.

३. काखेत नीट बसला होता का?

आकडे वरखाली होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. काखेत घाम असतो, घाम उडताना कातडी गार करतो, आणि आकडा एक-दीड डिग्रीने सहज पडतो.

कोरड्या फडक्याने काख टिपून घ्या. घासू नका, घासल्याने कातडी गरम होते. मग हात पाच मिनिटं अंगाशी मिटून ठेवायला सांगा, म्हणजे खळगीत आतली ऊब जमते. टोक काखेच्या सर्वांत खोल, वरच्या भागात टेकवा. सदऱ्याची बाही, बनियनची शिवण, ताईत किंवा दोरा मध्ये येऊ देऊ नका. कोपर छातीवर आणून दुसऱ्या हाताने तो दाबून धरा. मूल असेल तर आईने मांडीवर घेऊन त्याचा हात आपल्या तळहाताखाली धरावा. हडकुळ्या माणसाच्या काखेत पोकळी राहते आणि टोक हवेत लोंबतं. तिथे हात घट्ट आवळल्याशिवाय खरा आकडा येत नाही.

बीप वाजली की काढायची घाई होते. बीप एवढंच सांगते की काही सेकंदांपासून आकडा फारसा वाढलेला नाही. काखेत उष्णता हळूहळू पोचते, म्हणून बीपनंतरही थर्मामीटर तसाच ठेवा, एकूण पाच मिनिटं होऊ द्या. अनेकदा आणखी अर्धा डिग्री वर सरकलेला दिसतो.

४. खोलीच शरीरापेक्षा गरम आहे का?

विदर्भातल्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त घाबरवणारा घोटाळा हाच आहे आणि थर्मामीटरच्या माहितीपत्रकात तो समजावलेला नसतो.

डिजिटल थर्मामीटर आपल्याला लागलेला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो, कारण तो गार टोकापासून वर चढत शरीराच्या तापमानाला पोचेल अशी कल्पना असते. पुण्या-मुंबईच्या खोलीत ती खरी ठरते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्ध्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ पर्यंत जातं, आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी ४२ सहज असतं. ४२ सेल्सिअस म्हणजे १०७.६ फॅरेनहाइट. आलमारीत ठेवलेल्या थर्मामीटरचं टोकही तेवढंच तापलेलं असतं. बटण दाबलं की तो आधी खोलीचं तापमान मोजतो, १०७ वर जाऊन बसतो, आणि मग काखेत कितीही वेळ ठेवला तरी खाली येत नाही. घरात रडारड सुरू होते. खोली ४४ वर गेली तर आकडा मापाच्या पलीकडे जातो आणि नुसतं 'एच' दिसतं. पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर कितीही झटका, पारा पुन्हा वर चढतो.

उपाय साधा आहे. माठावरचं ओलं फडकं घ्या आणि थर्मामीटरचं धातूचं टोक त्यात एक-दोन मिनिटं गुंडाळून ठेवा. आपल्याकडची कोरडी हवा कुलरला जशी मदत करते तशीच इथे करते, पाणी उडतं आणि टोक गार होतं. टोक पूर्ण कोरडं पुसा. बटण दाबा. पडद्यावर 'एल' (म्हणजे मापापेक्षा कमी) किंवा ९५ च्या खालचा आकडा दिसला तरच पुढे जा, आणि मग रेंगाळू नका, लगेच काखेत. आकडा ९८ च्या वरूनच सुरू झाला तर बंद करा आणि पुन्हा गार करा. पाण्यात बुडवायचा असेल तर फक्त टोक, आणि तेही खोक्यावर जलरोधक लिहिलं असेल तरच.

बहुतेक यंत्रं ४० सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायची असतात. म्हणून उन्हाळ्यात रुग्णाला घरातल्या सर्वांत गार खोलीत न्या, नाहीतर सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर मोजा. थर्मामीटर मोटरसायकलच्या डिक्कीत, टिनाला लागलेल्या फळीवर किंवा चुलीमागच्या कोनाड्यात ठेवू नका. मातीच्या भिंतीतला खालचा कोनाडा सर्वांत बरा.

उलट चूकही होते. कुलरच्या झोतात झोपलेल्या माणसाचं कपाळ आणि काख दोन्ही गार असतात. झोत बाजूला वळवा, पंधरा मिनिटांनी मोजा.

५. आकडा बरोबर असून अर्थ चुकतोय का?

९८.६ च्या वर गेलं की ताप, ही समजूत फार पक्की बसली आहे. हा आकडा जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथातून आला. त्यांनी काखेत मोजून सरासरी ३७ सेल्सिअस सांगितली आणि फॅरेनहाइटमध्ये बदलताना ती ९८.६ झाली. दशांशामुळे ती फार नेमकी वाटते. १९९२ साली अमेरिकेत मॅकोवियाक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी तरुणांच्या तोंडातलं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं. सरासरी ९८.२ आली, आणि निरोगी माणसाची वरची मर्यादा पहाटे ९८.९ तर दुपारनंतर ९९.९ निघाली.

म्हणजे एकच धडधाकट माणूस पहाटे ९७.४ आणि संध्याकाळी पाच वाजता ९९ दाखवू शकतो. शरीराचं हे रोजचं चक्र आहे, त्यात आजार नाही. बाईच्या पाळीच्या चक्रात बीज सुटल्यावर पुढची पाळी येईपर्यंत तापमान अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइट चढलेलं राहतं. 'रोज संध्याकाळी अंगात ताप राहतो' या तक्रारीत आधी आठवडाभर सकाळी सहा आणि संध्याकाळी पाचला मोजून लिहा. दोन्ही वेळा आकडा याच पट्ट्यात असेल, वजन उतरत नसेल, खोकला किंवा रात्रीचा घाम नसेल, तर घाबरण्यासारखं नाही. पण वजन उतरतंय किंवा दोन आठवडे खोकला आहे तर आकडा कितीही असो, क्षयाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

मोठ्या माणसात तोंडातला १००.४ किंवा जास्त म्हणजे नक्की ताप. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्रीने कमी येतो, तिथे ९९.५ च्या वर गेलं की ताप धरून चाला.

आता 'काखेत असेल तर एक मिळवा' या सवयीबद्दल. ती मोडा. आई एक मिळवते, आशाताई एक मिळवतात, दवाखान्यात पुन्हा कोणी एक मिळवतो, आणि ९९ चे १०२ होतात. आहे तो आकडा लिहा, शेजारी 'काख' किंवा 'तोंड' लिहा. हिशेब डॉक्टर करतील. आणि एका माणसाला एका आजारात एकाच जागी मोजा, म्हणजे चढ-उतार कळतो.

६. हिवतापाची थंडी

गडचिरोली, गोंदियाच्या पट्ट्यात हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. थंडी वाजून हुडहुडी भरते तेव्हा कातडीतलं रक्त आत ओढलं जातं. हातपाय गार, काखही गार, आणि आत ताप झपाट्याने चढत असतो. त्या वेळी काखेतला आकडा फसवतो. थंडी थांबल्यावर पुन्हा मोजा. दोन चढांच्या मध्ये आकडा अगदी साधा येऊ शकतो, म्हणून थर्मामीटर 'ताप नाही' म्हणाला तरी हिवताप नाही असं ठरत नाही. ते रक्ताच्या तपासणीनेच ठरतं. बोटातल्या थेंबाची तपासणी आशाताई किंवा उपकेंद्रात होते. पावसाळ्याच्या शेवटी ताप उतरत नसेल तर काख, जांघ, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली धरलेली छोटी जखम आहे का तेही पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. बारीक किडा चावून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची ती खूण असू शकते. २०१८ मध्ये विदर्भात याचे बरेच रुग्ण सापडले होते.

७. सेल आणि टोक

अंक फिके, अर्धवट दिसतात किंवा सेलचं चिन्ह लुकलुकतं, तर सेल बदला. बहुतेक पेनासारख्या थर्मामीटरात एलआर४१ हा बटणसेल असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. जुना सेल नखाने काढताना अधिक-उणे बाजू पाहून ठेवा. काढलेला सेल तिथेच टाकू नका. मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते, उलटी करवण्यात वेळ न घालवता सरळ मोठं रुग्णालय गाठावं लागतं.

टोकावर पावडर, तेल, वाळलेला घाम असेल तर उष्णता उशिरा पोचते. साबणाच्या पाण्याने ओलं केलेलं फडकं, मग स्पिरिटचा बोळा. उकळत्या पाण्यात टाकला तर थर्मामीटर गेला.

८. दोन थर्मामीटर एका पेल्यात

इतकं करूनही संशय उरला तर शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा थर्मामीटर मागून आणा. पेलाभर पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल एवढं करा. जलरोधक टोकाचे दोन्ही डिजिटल थर्मामीटर एकत्र धरून टोकं बुडवा, पाणी हलकं ढवळत राहा, दोन मिनिटांनी वाचा. चांगली यंत्रं खऱ्या तापमानापासून ०.२ फॅरेनहाइटच्या आत असतात, म्हणजे दोघांत ०.४ पर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर तिसरा आणून खोटा कोणता ते ठरवा आणि तो टाकून द्या. घरी दुरुस्त होत नाही, उघडू नका.

९. कपाळाची बंदूक

तीन गोष्टी पाहा. पहिली, मोड. 'बॉडी' आणि 'सर्फेस' असे दोन मोड असतात. 'सर्फेस'वर असेल तर ती फक्त कातडीचं तापमान सांगते आणि सगळ्यांना ९३-९४ येतं. दुसरी, अंतर. बऱ्याच मॉडेलला तीन ते पाच सेंटिमीटर लागतं, म्हणजे आडवी दोन-तीन बोटं. तिसरी, भिंग. त्यावर बसलेली धूळ कानकाडीला स्पिरिट लावून अलगद पुसा. कपाळावरचा घाम, तेल, कुंकू पुसून, दुपट्टा काढून दहा मिनिटांनी मोजा. यंत्र गाडीतून आणलं असेल तर अर्धा तास खोलीत ठेवा. भर दुपारी टिनाखाली तिच्यावर विसंबू नका.

१०. पाऱ्याचा असेल तर

नळीतली बारीक मान पारा खाली येऊ देत नाही, म्हणून मनगटाचा झटका देऊन ९५ च्या खाली उतरवल्याशिवाय लावायचा नाही. काखेत पाच मिनिटं. पारा तुटक दिसत असेल तर वापर बंद. फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, हातातल्या सोन्याच्या वस्तू उतरवा कारण पारा सोन्याला धरतो. झाडू मारू नका, थेंब फुटून पसरतात. जाड कागदाच्या दोन पट्ट्यांनी थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा आणि आरोग्य केंद्रात द्या. आता हे थर्मामीटर हद्दपार होत आहेत, घरात असेल तर डिजिटल घेणंच बरं.

नवजात बाळाचे आकडे वेगळे

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशाताई अशा भेटी देतात, आणि त्यांच्या पिशवीतला थर्मामीटर त्यासाठीच असतो. बाळाचं काखेतलं तापमान ९७.७ पासून ९९.५ च्या आत हवं. थंडीत बाळ गार पडणं तापाइतकंच धोक्याचं आहे, आणि पाऱ्याचा नेहमीचा थर्मामीटर ९४-९५ च्या खाली दाखवतच नाही, म्हणून बाळासाठी डिजिटलच. हाताने पाहायचं तर तळपाय गार आणि पोट ऊबदार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्या. पोटही गार म्हणजे तसंच छातीशी धरून दवाखाना.

इथे थांबा आणि दवाखाना गाठा

दोन महिन्यांखालचं बाळ ९९.५ किंवा जास्त, किंवा ९५.९ पेक्षा कमी: त्याच दिवशी रुग्णालय. खोली तापलेली असेल तर कपडे सैल करून, गार जागी नेऊन अर्ध्या तासाने एकदा मोजायला हरकत नाही, पण बाळ जोरात पीत असेल तरच.

उन्हात होता, लू लागल्यासारखं वाटतंय, आकडा १०४ च्या आसपास आणि बोलणं भरकटलेलं: १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे काढून अंगभर पाणी ओता, वारा घाला. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा पन्हं घालू नका, श्वासनलिकेत जातं.

मुलाला तापात झटका, न थांबणाऱ्या उलट्या किंवा गुंगी: लगेच. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या ज्या गावात सापडला त्याचंच नाव त्याला मिळालं. तो मुलांना काही तासांत बेशुद्ध करू शकतो. यात आकड्याची वाट पाहायला वेळ नसतो.

सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या माणसाला १०१ च्या वर ताप, गरोदर बाईला कोणताही ताप, मान ताठ, धाप, अंगावर पुरळ, लघवी कमी, रक्तस्राव: त्याच दिवशी. अति कुपोषित मूल आणि म्हातारी माणसं यांना मोठा संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. काखेत ९५ च्या खाली गेलेलं कुपोषित मूल १०४ तापाच्या मुलाइतकंच तातडीचं आहे. बाकी कोणताही ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर रक्त तपासून घ्या. गरोदर बाई आणि बाळासाठी १०२ ची गाडी आहे.

निघताना वहीच्या कागदावर चार गोष्टी लिहून न्या: किती वाजता, काखेत की तोंडात, किती आकडा, आणि शेवटची गोळी कोणती व केव्हा.